पुढचे स्ट्रट काढून कस्टम कॉइलओव्हर बनवायचेत? मग आधी टेप आणि व्हर्निअर काढा

कॉइलओव्हरचा (म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, जिची उंची कमी-जास्त करता येते) विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला, गाडी किती खाली बसेल, आणि दुसरा, स्प्रिंग किती कडक घेऊ. दोन्ही प्रश्न चुकीचे नाहीत पण नंतरचे आहेत. आधी बघायचं ते हे की नवीन सेटअपमध्ये शॉकअपच्या रॉडला वर आणि खाली जायला जागा किती उरणार, म्हणजे ट्रॅव्हल. ट्रॅव्हल जमलं तर मध्यम दर्जाच्या सामानातूनही छान चालणारी गाडी होते, आणि ते गंडलं तर कितीही भारी सामान लावा, गाडी प्रत्येक खड्ड्यात बंप स्टॉपवर (रॉड पार आत जाऊ नये म्हणून लावलेल्या रबरावर) आपटत राहणार. म्हणून खाली जे लिहिलंय त्यातला बराच भाग मापांचाच आहे, ग्राइंडर आणि वेल्डिंग बरंच नंतर येतं.

आधी स्ट्रट म्हणजे काय ते नीट समजून घ्या

मॅकफर्सन स्ट्रट हा नुसता शॉकअप नाही, ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. अर्ल मॅकफर्सन यांनी १९४७ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि तेव्हापासून आजपर्यंत मूळ कल्पना तीच आहे, वरचा आर्म (चाकाला बॉडीशी जोडणारा वरचा दांडा) काढून टाकायचा आणि त्याचं काम शॉकअपच्या नळीकडूनच करून घ्यायचं. म्हणजे तुमच्या गाडीत ती नळी चाक उभं धरून ठेवते, ब्रेक मारला की तो जोर घेते, वळणात वाकवणारा जोरही घेते, आणि स्टीयरिंग फिरवलं की चाकाबरोबर स्वतः गोल फिरते. त्यामुळे डबल विशबोनच्या (वर आणि खाली दोन्हीकडे आर्म असलेल्या) गाडीसाठी बनवलेला बारीक कॉइलओव्हर शॉक आणून स्ट्रटच्या जागी लावता येत नाही, तो बाजूचा जोर सहन करायला बनवलेलाच नसतो. आपल्याला मूळ स्ट्रटची नळी ठेवून तिच्यावरच आटे असलेली स्लीव्ह चढवायची आहे आणि आत वेगळा इन्सर्ट, म्हणजे नळीत बसणारा तयार शॉकअप, टाकायचा आहे. कस्टम म्हणजे इथे एवढंच.

तुमच्या गाडीसाठी तयार बोल्ट-ऑन किट मिळत असेल तर सरळ ते घ्या, खरंच सांगतो. हा सगळा खटाटोप किट मिळत नाही अशा गाड्यांसाठी, किंवा किटमध्ये हवी ती स्प्रिंग, हवा तो शॉक मिळत नाही अशांसाठी आहे. आणि काम हातात घ्यायच्या आधी तुमच्या भागातले गाडीत बदल करण्याचे नियम आणि इन्शुरन्सच्या अटी वाचून घ्या, सस्पेन्शनमध्ये कापाकापी करून वेल्डिंग केलेलं सगळीकडे चालतंच असं नाही.

मापं, मूळ सस्पेन्शन गाडीत असतानाच

गाडी सपाट जागेवर उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर असू द्या, आणि दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर लिहून घ्या. जमिनीपासून मोजू नका, टायर बदलला की ते माप फुकट जातं. त्यानंतर प्रत्येक चाकावरचं वजन. चार काटे मिळाले तर उत्तम, नाहीतर वजनकाट्यावर नुसती पुढची चाकं चढवून पुढच्या ॲक्सलचं वजन काढा आणि अर्धं करा, सुरुवातीला तेवढं पुरतं.

मग एक बाजू जॅकवर घेऊन घोडीवर (लोखंडी स्टँडवर) ठेवा, स्ट्रट बाहेर काढून त्याची स्प्रिंग उतरवा, आणि स्प्रिंगशिवाय स्ट्रट परत जागेवर लावा. आता खालून दुसऱ्या जॅकने चाक वर-खाली करता येतं. हे एकच काम कंटाळा न करता केलं तर पुढची निम्मी डोकेदुखी वाचते. चाक बरोबर २५ मिमी वर उचला आणि रॉड किती आत गेला ते मोजा. बहुतेक स्ट्रटच्या गाड्यांमध्ये उत्तर २५ च्या जरासं खालीच येतं, २३-२४ वगैरे. त्याला २५ ने भागलं की मोशन रेशो मिळाला, साधारण ०.९ ते ०.९७ मध्ये कुठेतरी. याच वेळी चाक पार वरपर्यंत नेऊन बघा की टायर आतल्या पत्र्याला कुठे लागतो, स्टीयरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून बघा, लोअर आर्म कुठे आडवा होतो त्याची खूण करून ठेवा. स्प्रिंग उतरवायच्या कामाबद्दल पुढे वेगळं लिहिलंय, ते वाचल्याशिवाय स्प्रिंग दाबायच्या कॉम्प्रेसरला हात लावू नका.

स्प्रिंग किती कडक, एक पूर्ण उदाहरण

समजा पुढच्या एका चाकावर ३०० किलो येतात. त्यातून चाक, टायर, ब्रेक, नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) यांचं वजन वजा करायचं कारण ते स्प्रिंगवर बसलेलं नसतं, धरा ३५ किलो. उरले २६५ किलो. आता सस्पेन्शनची फ्रिक्वेन्सी ठरवायची, म्हणजे स्प्रिंगवर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली होईल. साध्या रोजच्या गाड्या १ ते १.५ हर्ट्झमध्ये असतात, रस्त्यावर जरा घट्ट हवी असेल तर १.५ ते २, आणि त्याच्या वर गेलात की ती ट्रॅकची गाडी झाली, रोज चालवायला नको वाटेल. आपण १.७ धरू.

हिशोब असा: १.७ चा वर्ग २.८९, गुणिले २६५ किलो, गुणिले ३९.५ (हा २π चा वर्ग), उत्तर साधारण ३०,२०० न्यूटन पर मीटर, म्हणजे ३०.२ न्यूटन पर मिमी. ही चाकापाशी हवी असलेली कडकी. स्प्रिंगवर यायचं तर मोशन रेशोच्या वर्गाने भागा, ०.९५ चा वर्ग ०.९, म्हणजे स्प्रिंग हवी साधारण ३३.५ न्यूटन पर मिमी. बाजारात स्प्रिंग किलो पर मिमी किंवा पाउंड पर इंच अशा मापात मिळते, तर हे झालं ३.४ किलो पर मिमी किंवा १९० पाउंडच्या आसपास. १९० ची मिळणार नाही, २०० ची मिळेल, ती घ्या. बदल करून ठेवायचं असेल तर १ किलो पर मिमी म्हणजे ५६ पाउंड पर इंच एवढं लक्षात ठेवा.

"मित्राने ८ किलोची लावलीये, मस्त चालते" हे ऐकून स्प्रिंग घेऊ नका. त्याच्या गाडीचं वजन वेगळं, त्याचा मोशन रेशो वेगळा, आणि मस्त म्हणजे नक्की काय तेही वेगळं.

आता लांबी, आणि इथेच बरेच जण अडकतात. २०० पाउंडची स्प्रिंग म्हणजे ३५ न्यूटन पर मिमी. २६५ किलोचं वजन स्प्रिंगवर येताना मोशन रेशोमुळे थोडं वाढून साधारण २,७४० न्यूटन होतं, म्हणजे गाडी नुसती उभी असताना स्प्रिंग ७८ मिमी दबलेली असणार. तुमच्या इन्सर्टचा पूर्ण स्ट्रोक १५० मिमी आहे आणि तो मधोमध वापरायचा ठरवला तर वर जायला ७५ आणि खाली लटकायला ७५. म्हणजे पूर्ण बंपमध्ये, चाक पार वर गेल्यावर, स्प्रिंग ७८ अधिक ७५, एकूण १५३ मिमी दबायला हवी. ८ इंची स्प्रिंगची मोकळी लांबी २०३ मिमी, त्यातून १५३ गेले की उरले ५०, आणि एवढं आखूड होण्याच्या बरंच आधी तिचे वेढे एकमेकांवर चिकटून बसतात. वेढे चिकटले की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होतो, आणि सगळा धक्का सरळ टॉप माउंटला (स्ट्रट वर बॉडीला जिथे धरलेला असतो तो भाग) आणि बॉडीला. १० इंची घेतली तर २५४ मधून १५३ गेले, उरले १०१. स्प्रिंग बनवणारे प्रत्येक स्प्रिंगची पूर्ण दबल्यावरची उंची देतात, ती १०१ पेक्षा निदान ५-६ मिमीने कमी आहे ना एवढं बघायचं. लटकताना ७८ मधून ७५ सुटले की ३ मिमीचा दाब शिल्लक राहतो, स्प्रिंग ढिली होऊन सीटवरून सरकणार नाही. कडक स्प्रिंग लावाल तर ती कमी दबते आणि चाक लटकलं की सुटी पडते, अशा वेळी वर एक मऊ हेल्पर स्प्रिंग लावावी लागते, तिची दबलेली जाडी लांबीच्या हिशोबात धरायला विसरू नका.

खाली करायची असेल तर नळीपण आखूड पाहिजे

स्लीव्हवरचा कॉलर (आट्यांवर फिरणारी रिंग, जिच्यावर स्प्रिंग टेकते) खाली फिरवला की गाडी खाली येते, हे खरंच आहे. पण नळी मूळ लांबीचीच राहिली आणि गाडी ४० मिमी खाली आली तर ते ४० मिमी सगळेच्या सगळे बंपच्या बाजूचे गेले. वर जायला ७५ होते, आता ३५, त्यात बंप स्टॉप २५-३० मिमीचा. म्हणजे गाडी जवळपास बंप स्टॉपवरच बसून चालतीये. लोक म्हणतात कॉइलओव्हर कडक असतात, अर्ध्या वेळा ती स्प्रिंगची कडकी नसतेच, बंप स्टॉपची असते.

उपाय असा की जेवढी गाडी खाली तेवढी नळी आखूड, आणि आत तेवढाच आखूड बॉडीचा इन्सर्ट. नळी आखूड करायला तिचा वरचा भाग कापतात किंवा मधला तुकडा काढून परत जोडतात, दुसरं काम लेथवर आतून घट्ट बसणारी बाही टर्न करून आणि जिगमध्ये धरूनच करायचं, नाहीतर नळी वाकडी जुळते आणि रॉड एका बाजूला घासत राहतो.

किती खाली जायचं याची माझी सीमा लोअर आर्म ठरवतो. गाडी उभी असताना लोअर आर्मचं बाहेरचं टोक, म्हणजे बॉल जॉइंट, आतल्या बुशपेक्षा वर जाता कामा नये. ते वर गेलं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीपेक्षा जास्त वेगाने खाली घसरतो आणि कडक स्प्रिंग लावूनही गाडी वळणात जास्तच झुकते, शिवाय टाय रॉडचा कोन बिघडून खड्ड्यात स्टीयरिंग आपोआप ओढायला लागतं. बॉल जॉइंटखाली स्पेसर टाकून हे दुरुस्त करता येतं पण तो वेगळा उद्योग आहे, पहिल्याच वेळी त्यात पडू नका.

स्प्रिंग उतरवणं

कंपनीची स्प्रिंग स्ट्रटवर बसलेली असते तेव्हा ती आधीच शेकडो किलोच्या दाबाखाली असते, गाडी हवेत असली तरी. टॉप नट आधी सोडला तर माउंट आणि स्प्रिंग बंदुकीतून सुटल्यासारखे उडतात. दोन हुकांचा साधा कॉम्प्रेसर वापरणार असाल तर हुक एकमेकांच्या बरोबर समोर लावा, दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे कसा, आटे ग्रीस केलेले असू द्या, आणि इम्पॅक्ट गनने कॉम्प्रेसर फिरवू नका. स्प्रिंग वरच्या सीटवर हाताने हलायला लागली की मगच टॉप नट. तोंड आणि छाती कधीही स्ट्रटच्या रेषेत नको. सगळ्यात बरं म्हणजे भिंतीवर बसवलेला मोठा कॉम्प्रेसर असलेल्या एखाद्या गॅरेजमध्ये नेऊन एवढंच काम करून घ्यायचं, यात कमीपणा काही नाही.

टॉप नट सोडताना रॉड फिरतो, तो ॲलन कीने किंवा वरच्या चपट्या भागावर पाना लावून धरा. पक्कडीने रॉडची क्रोमची बाजू धरली की खेळ खलास, तो ओरखडा प्रत्येक हालचालीत सील कापत जातो. आपण इन्सर्ट बदलणारच आहोत हे मान्य, पण ही सवय नव्या रॉडबरोबरही तशीच येते.

नळी उघडणं

जुन्या पद्धतीच्या स्ट्रटला वर मोठा नट असतो, तो काढला की आतला सगळा सरंजाम आणि तेल बाहेर येतं, हे नशीबवान लोक. आजकालचे बहुतेक स्ट्रट वरून दाबून बंद केलेले असतात, ते कापावे लागतात. ट्विन ट्यूब (आत दोन नळ्या असलेला) गॅस स्ट्रट असेल तर आत कमी दाबाचा गॅस असतो, वरच्या बाजूला बाहेरच्या नळीत बारीक ड्रिलने हळूहळू एक छिद्र पाडा, ड्रिलवर जाड फडकं गुंडाळलेलं आणि डोळ्यांवर गॉगल. फुस्स करून गॅस आणि थोडं तेल येईल. मग खाली एक छिद्र पाडून तेल पूर्ण गळू द्या. मोनोट्यूब (एकाच नळीचा) किंवा उलटा मोनोट्यूब स्ट्रट असेल तर त्यात गॅस फारच जास्त दाबाने भरलेला असतो, तो नवख्याने उघडायचा नाही, विषय संपला. त्याऐवजी दुसऱ्या साध्या स्ट्रटच्या नळ्या शोधा.

नळी कापल्यावर आतून डिग्रीझरने धुऊन अगदी कोरडी करा. तेलाचा थर राहिला आणि वेल्डिंग केलं तर आतून पेट घेतो, आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात ते वेगळंच.

इन्सर्ट दोन प्रकारे बसतो, वरून मोठ्या नटने दाबून, किंवा नळीच्या तळाला बरोबर मधोमध छिद्र पाडून खालून बोल्टने. कापलेल्या नळीला खालून बोल्टवाला सोपा पडतो. नळीचा आतला व्यास दोन-तीन ठिकाणी मोजा, वर, मध्ये, खाली, कारण वेल्डिंगनंतर ती जराशी लंबगोल होते आणि आधी सहज जाणारा इन्सर्ट अडकतो. इन्सर्ट आत गेल्यावर खडखडला नाही पाहिजे, वरच्या टोकाला तो नळीत घट्ट बसेल अशी रिंग लेथवरून करून घ्या. वरून नट लावणारा प्रकार असेल तर नट नळीच्या कडेवर टेकायच्या आधी इन्सर्टवर दाबला गेला पाहिजे, नट आणि नळीत थोडी फट दिसली तर ते बरोबर आहे. नटवाल्या नळीत इन्सर्टभोवती थोडं तेल ओतायची जुनी पद्धत आहे, इन्सर्टची उष्णता नळीपर्यंत पोचावी म्हणून, आणि ती चांगली आहे.

जुनी सीट कापणं, रिंग, स्लीव्ह

जुनी मोठी स्प्रिंग सीट ग्राइंडरने कापताना नळीच्या अंगाला लागून कापू नका. एक-दोन मिमी ठेवा आणि उरलेलं फ्लॅप डिस्कने हळूहळू घासून सपाट करा. नळीची भिंत पातळ असते, डिस्कची एक खोल खाच पडली तर तिथूनच पुढे कधीतरी तडा जाणार.

स्लीव्ह बहुतेक ॲल्युमिनियमची असते आणि ती लोखंडी नळीला वेल्ड होत नाही, म्हणून खाली लोखंडी रिंग वेल्ड करून स्लीव्ह तिच्यावर टेकवायची. रिंग कुठे, हे हिशोबानेच काढा: ठरवलेल्या उंचीला स्प्रिंगची लांबी २५४ उणे ७८ म्हणजे १७६ मिमी, वरच्या सीटपासून १७६ खाली कॉलर आला पाहिजे, आणि तो स्लीव्हच्या आट्यांच्या साधारण मध्यावर आला पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे फिरवायला जागा राहते. रिंग आधी नुसती टॅक मारा, म्हणजे दोन-तीन ठिकाणी वेल्डचे ठिपके देऊन धरा. मग स्लीव्ह, कॉलर चढवून स्प्रिंगशिवाय गाडीत लावा, चाक बसवा, पूर्ण बंपपर्यंत उचला, स्टीयरिंग दोन्हीकडे फिरवा आणि टायर ते कॉलर अंतर बघा. निदान ५-६ मिमी हवेत, टायर वळणात फुगतो. अडीच इंची स्प्रिंग बाहेरून साधारण ८५ मिमीची असते, कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा बरीच सडपातळ, त्यामुळे आतल्या बाजूला जागा पुष्कळ वाढते, पण कॉलर टायरच्या वरच्या कडेपेक्षा खाली उतरला तर तोच टायरला लागतो.

सगळं जमलं की पूर्ण वेल्ड. हे काम ज्याला पातळ नळीवर वेल्डिंग जमतं त्याच्याकडूनच करून घ्या, यूट्यूब बघून शिकायची ही जागा नाही. इन्सर्ट बाहेर, रंग आणि गॅल्व्हनाइजचा थर घासून काढलेला कारण त्याचा धूर विषारी असतो, आणि वेल्ड थोडा थोडा समोरासमोरच्या बाजूंना, म्हणजे नळी तापून वाकणार नाही. पाण्यात बुडवून गार करू नका, आपोआप गार होऊ द्या. स्लीव्ह आणि नळीत फट असेल तर वर-खाली ओ-रिंग घालून भरा, नाहीतर टक-टक आवाज येत राहतो आणि तो शोधण्यात आठवडे जातात. ब्रेक होसचा, एबीएस वायरचा आणि अँटी-रोल बारच्या लिंकचा ब्रॅकेट जुन्या नळीवर होता ना? ते आत्ताच परत वेल्ड करून घ्या, रंग दिल्यावर आठवून उपयोग नाही. गाडी खाली आली असेल तर लिंकचा ब्रॅकेट तेवढाच सरकवा किंवा आखूड लिंक शोधा.

वरची बाजू, इथला बेअरिंग विसरू नका

स्टीयरिंग फिरवलं की नळी फिरते, नळीबरोबर स्प्रिंग फिरते. म्हणून स्प्रिंगच्या वर कुठेतरी बेअरिंग हवाच. कंपनीच्या टॉप माउंटमध्ये तो असतो, तो ठेवून त्याखाली अडीच इंची स्प्रिंगची नवीन सीट बसवली तर काम होतं, फक्त स्प्रिंगचा भार बेअरिंगवरून जातोय ना ते बघा. कॅम्बर प्लेट (चाकाचा आत-बाहेरचा झुकाव, म्हणजे कॅम्बर, बदलता येणारं टॉप माउंट) लावणार असाल तर काही प्लेटमध्ये रॉडसाठी गोल बेअरिंग आणि स्प्रिंगसाठी वेगळा थ्रस्ट बेअरिंग असतो, रस्त्यावरच्या गाडीला हाच प्रकार चांगला. बेअरिंग नसेल तर स्प्रिंग पीळ खात राहते आणि पार्किंगमध्ये स्टीयरिंग फिरवताना एकदम टण्ण करून उडी मारते. तो आवाज आला की आधी वर बघा.

रॉडचं वरचं टोक आणि माउंटचं भोक यांचा व्यास जुळत नसेल तर लेथवर बुश करून घ्या. वॉशर एकावर एक रचून भागवू नका, रॉडवर बाजूचा जोर येतो तेव्हा त्या थप्पीची वाट लागते.

अजून एक बारीक गोष्ट. कंपनीची स्प्रिंग नळीवर मुद्दाम तिरकी बसवलेली असते, स्ट्रटला वाकवणारा जोर थोडा कमी व्हावा आणि रॉड घासू नये म्हणून. आपली सरळ स्प्रिंग ते काम करत नाही, त्यामुळे छोट्या खडबडीत रस्त्यावर मूळ गाडीपेक्षा जरा अडखळल्यासारखं वाटेल, तो दोष तुमच्या वेल्डिंगचा नाही. मात्र रॉड जाड असलेला, स्ट्रटसाठीच बनवलेला इन्सर्ट घेतला तर फरक बराच कमी होतो. आणि इन्सर्टचं डॅम्पिंग (स्प्रिंगची हालचाल आवरण्याची ताकद), विशेषतः रिबाउंड म्हणजे रॉड परत बाहेर येतानाचं, तुमच्या स्प्रिंगला साजेसं हवं. मूळ स्प्रिंगच्या दुप्पट कडक स्प्रिंगवर मूळचाच शॉक लावला की गाडी उड्या मारत चालते.

बसवणं

गाडी घोड्यांवर, नुसत्या जॅकवर नाही. नकल सुटल्यावर तारेने बांधून ठेवा, ब्रेक होसवर लटकू देऊ नका, आणि पुढून चालणारी गाडी असेल तर नकल बाहेर ओढला जाऊन ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटणार नाही हे बघा. स्ट्रट ते नकलचे बोल्ट आणि नट नवीन घ्या, टॉर्क मॅन्युअलमध्ये जो दिलाय तोच. स्लीव्हच्या आट्यांवर कॉलर चढवायच्या आधी आट्यांना थोडं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावा. लोअर आर्मचे रबर बुशचे बोल्ट ढिले केले असतील तर ते शेवटी, गाडीचं वजन चाकांवर आल्यावर कसायचे, हवेत कसले तर बुश पीळ खाल्लेल्या अवस्थेत राहतो आणि लवकर फाटतो.

गाडी खाली उतरवल्यावर लगेच उंची मोजू नका. टायर जमिनीवर आतल्या बाजूला अडकलेले असतात, गाडी वर अडकून राहते. काही मीटर पुढे-मागे ढकला, पुढचा भाग दोन-तीनदा दाबून सोडा, मग मोजा. कॉलर फिरवताना चाक उचलूनच फिरवा, भार असताना फिरवलं की ॲल्युमिनियमचे आटे ओरबाडले जातात. आट्यांचा पिच २ मिमी असेल तर एका फेऱ्यात कॉलर २ मिमी सरकतो, म्हणजे अंदाज सोपा. दोन्ही बाजूंची उंची मिमीमध्ये सारखी करायच्या नादात एक कोपरा जास्त वर घेतला की वजन त्या कोपऱ्यावर आणि त्याच्या तिरक्या समोरच्या मागच्या चाकावर जातं, काट्याची सोय असेल तर ड्रायव्हरच्या जागी तेवढं वजन ठेवून तिरक्या जोडीवरचं वजन एकूणच्या ५० टक्क्यांच्या जवळ आणा. काटा नसेल तर दोन्हीकडे कॉलरची उंची सारखी ठेवा आणि फेंडरमधला थोडा फरक सोडून द्या.

मग अलाइनमेंट, त्याशिवाय लांब जाऊ नका. गाडी खाली आली की कॅम्बर आणि टो (चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) दोन्ही बदललेले असतात, आणि टायर खातो तो मुख्यतः टो. रस्त्यासाठी कॅम्बर उणे १ ते उणे १.५ अंश आणि टो शून्याच्या जवळ, इथून सुरुवात करा. हेडलाइटचा झोत खाली गेलेला असतो तो नीट करून घ्या, आणि पुढे कॅमेरा-रडार असलेल्या गाडीत उंची बदलल्यावर त्यांचं कॅलिब्रेशनही करून घ्या.

मागचं सस्पेन्शन तसंच ठेवून फक्त पुढचं कडक केलं तर गाडी वळणात पुढून बाहेर ढकलते. आरामासाठी मागची फ्रिक्वेन्सी पुढच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, हे मॉरिस ऑली यांनी १९३० च्या दशकात जनरल मोटर्समध्ये दाखवलं होतं, म्हणजे मागच्या स्प्रिंगचा हिशोबही आज ना उद्या करावाच लागणार आहे.

पहिले काही दिवस

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, कॉलर आणि त्याचा लॉक कॉलर बघा, वेल्डजवळ रंगाला बारीक रेघ पडलीये का ते टॉर्च लावून बघा. रेघ दिसली तर गाडी तिथेच थांबवा, ती रंगाची आहे का लोखंडाची हे चालवून शोधायचं नसतं.

आणि चाचणीला निघायच्या आधी रॉडवर एक पातळ झिप टाय हलकासा बांधून नळीपाशी सरकवा. रॉड जेवढा आत जाईल तेवढा तो वर ढकलला जातो आणि परत येताना तिथेच राहतो, म्हणजे जास्तीत जास्त किती ट्रॅव्हल वापरलं ते कळतं. रोजच्या रस्त्यावर फिरून आल्यावर तो बंप स्टॉपच्या खाली काही मिमी थांबलेला दिसला तर स्प्रिंग आणि उंची जमली. बंप स्टॉपमध्ये खोल घुसलेला दिसला तर थोडी उंची वाढवा किंवा एक पायरी कडक स्प्रिंग घ्या, आणि अर्ध्यावरच राहिला तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे, १७५ पाउंडची लावून बघा, लांबी मात्र परत मोजून, कारण मऊ स्प्रिंग जास्त दबते.